उजव्या अंगाने

गोडजेवणाच्या दिवशी सकाळीही चिखलाच्या चार चकत्या होत्याच.

कुसाबाईने त्या दारातूनच पाहिल्या. पत्र्याच्या पागेत, खुंट्याच्या पायथ्याशी, एकीला एक लागून मांडलेल्या. घोडीच्या खुराच्याच आकाराच्या, मधे पाचरीसारखी खाच असलेल्या, अजून वल्या. तिच्या नवऱ्याला, केरूला, जाऊन आज तेरा दिवस झाले होते, आणि तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्या तिथे असायच्या.

ही पद्धत केरूची. उठल्या उठल्या चहाच्या आधी पागेत जायचं, बत्ताशीचे चारी पाय एकेक करून उचलायचे, कोरणीने खूर साफ करायचे. निघालेली माती फेकून द्यायची नाही, खुंट्यापाशी ओळीने मांडायची आणि वाकून एकेकीचा वास घ्यायचा. आंबूस वास आला की समजायचं, खूर आतून सडायला लागला. आपल्या भाकरीचा या माणसाने जन्मात कधी इतकं मन लावून वास घेतला नाही, हे कुसाबाई पन्नास वर्षं आल्यागेल्या पाहुण्याला सांगत आली होती.

आता तो नव्हता. चकत्या मात्र होत्या.

आणि बत्ताशी उभी होती तशीच, दहा दिवस उभी राहायची तशी. डावं अंग भिंतीला घासून चिकटवलेलं, उजवं अंग मोकळं. उजवीकडे बरोबर एक माणूस उभा राहील एवढी जागा.

"आवाज देते गं बाई, मीच हाय," असं म्हणून कुसाबाईने पाण्याची बादली दारातच ठेवली आणि आत न जाताच माघारी फिरली.

बाहत्तर वर्षांत ती घोडीला भिऊन अशी माघारी फिरली नव्हती. भीती घोडीची नव्हतीच. भीती होती ती स्वतःच्याच एका थापेची.

कुसाबाईच्या थापा दिंडोरी तालुक्यात माहीत होत्या. बत्ताशीची आजी साखरी. त्या साखरीने म्हणे एकदा नवरदेव भलत्याच मांडवात नेऊन उभा केला, लग्न लागून गेलं, आणि त्या तिथीच्या सगळ्या लग्नांत तेवढं एकच धड टिकलं. बत्ताशीची आई रेवडी. ती बँडवाल्याचा सूर चुकला की चालायची थांबायची, आणि वणीच्या एका बँडवाल्याने तिच्या भीतीने तीन महिने शिकवणी लावली होती. खरं किती, खोटं किती, हे केरूला माहीत असायचं. तो बोलायचा नाही. नुसता घसा खाकरायचा.

पण एक थाप वेगळी होती. तिचा थोरला, निवृत्ती, चार वर्षांचा असताना साखरीच्या मागून, उजव्या बाजूने, एक शब्द न बोलता पळत गेला. कानामागे सात टाके पडले. त्या संध्याकाळी पोराला मांडीवर घेऊन कुसाबाईने तिथल्या तिथे रचलं: "हे बघ बाळा, जितं माणूस घोडीकडं डाव्या अंगानं येतं, खांद्याकडनं, आवाज देऊन. उजव्या अंगानं, मुक्यानं येतं ते मेलेलं. घोडीला दोन्ही दिसतात. जितं माणूस मेलेल्यासारखं आलं, की घोडी त्याला मेलेल्यांतच धाडून देती."

पोरगं हबकलं. परत कधी घोडीच्या मागे गेलं नाही. मग मनीषा झाली, तिलाही तेच सांगितलं. मग नातवंडांना. घोडं लहानपणापासून डाव्या बाजूने हाताळलेलं असतं, अचानक कुणी अंगाशी आलं की दचकतं, मागचं त्याला नीट दिसत नाही, एवढंच त्यात खरं. बाकी सगळं कुसाबाईचं. पण त्यानंतर त्या घरातल्या एकाही पोराला लाथ बसली नाही, आणि त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं की मेलेली माणसं घोडीकडे उजव्या अंगाने येतात.

सगळ्यांना. रचणारीला आणि केरूला सोडून.

*

दुपारच्या पंगती उठल्या. पाहुणे गाड्या काढून गेले आणि घरचे तेवढे ओट्यावर उरले. द्राक्षाच्या बागेत छाटणी चालू होती, कात्र्यांचा कटकट आवाज येत होता. पाऊस संपून पंधरा दिवस झाले तरी जमीन अजून पायाला चिकटत होती.

"मंगळू निघालाय वणीवरनं," निवृत्ती म्हणाला. फोन खिशात टाकला. "घोडी आजच बघून घेऊन जाईल. लग्नसराईला उशीर हाय, तोवर त्याच्याकडं रुळंल."

"आणि मला इचारलं कोणी?" कुसाबाईने विचारलं.

"आई, आठ दिवस तेच तर इचारतोय. बघणार कोण तिला? मला बाग सोडवत नाय. तू बाहत्तरची. तुझा नातू सार्थक पुण्याला. उज्वला तर पागेच्या सावलीला उभी राहत नाय."

उज्वला, त्याची बायको, ताटं गोळा करत होती. तिने मान वर केली नाही. "जनावर हाय. उद्या कुणाला लागलं म्हंजे? जिथं बघणारं माणूस हाय तिथं जाऊ द्या. मी पहिल्या दिवसापासनं तेच म्हणते."

"तू म्हणणारच," मनीषा म्हणाली. ती नाशिक रोडवरून सकाळीच आली होती. नवरा तिकडे नोकरीला. "वहिनी, नानांना जाऊन चौदा दिवस नाय झाले आणि त्यांची घोडी काढायची? त्यांच्या हाताखालचं तेवढं एकच जितं उरलंय. आई, मी तुझ्या बाजूनं हाय. दादा, मंगळूला फोन कर. म्हणाव येऊ नको."

"तू नेतीस का फ्लॅटवर? बाल्कनीत बांधशील?"

"टोमणे नको मारूस."

कुसाबाईला बरं वाटलं. लेक बाजूने होती. आता थोडा जोर लावला की निवृत्ती नमेल. तो बापावर गेला होता, मोठ्याने बोलायचा पण आतून मऊ. तिने तोंड उघडलं, एवढ्यात मनीषा उठली. एका ताटात उरलेली बुंदी आणि दोन पुऱ्या घेतल्या. "ये बत्ताशी, आज नानांचं गोडजेवण हाय. तूच तेवढी राहिलीस," असं म्हणत पागेकडे निघाली.

ती दारापर्यंत पोचली न पोचली तोच उज्वला हातातली ताटं टाकून धावली. भांड्यांचा खणखणाट झाला. तिने मनीषाच्या हातातलं ताट हिसकलं.

"ताई, काय करताय! पोट धरंल तिचं. घोड्याला ओकता येत नाय. आत गेलं ते गेलं, मग पाय झाडत मरतं जनावर!"

मनीषा बघतच राहिली. "एवढी बुंदी..."

"चिमूटभर बी नाय. दाणा-चंदी ठरल्या येळंला, ठरली तेवढी. आधी पाणी." उज्वला थांबली. एकदम तिच्या लक्षात आलं की सगळे तिच्याकडे बघतायत. "असं नाना म्हणायचे," ती पुटपुटली आणि ताट घेऊन घरात गेली.

कुसाबाईच्या डोक्यात काहीतरी खुपलं. सुनेला हे कधीपासून माहीत? पण विचार करायला उसंत मिळाली नाही, कारण मनीषा दारातच होती आणि तिचा आवाज बदलला होता.

"आई. आई, इकडं ये."

भर दुपार होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पागेत पडले होते, इतके लख्ख की भुशाचा कण न् कण दिसावा. बत्ताशी भिंतीला चिकटून उभी. मान उजवीकडे वळवलेली, कान पुढे टवकारलेले. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ती नाक वरखाली घासत होती. खाली हवा. वर हवा. नाक घासावं असं तिथे काहीच नव्हतं.

मग तिने उजवा मागचा पाय उचलला.

घोडं पाय सैल सोडतं, टोकावर टेकवतं, हे कुसाबाईने हजारदा पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. पाय गुडघ्यात वाकवून मागे दिलेला, तळवा आकाशाकडे, जसा कुणाच्या मांडीवर ठेवलेला. आणि तो तसाच राहिला. कुसाबाई मनातल्या मनात आकडे मोजत गेली. चाळीस झाले. पन्नास झाले. खूर साफ करायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग पाय खाली आला, आपटला नाही, कुणीतरी हाताने ठेवावा तसा अलगद. घोडीने फुर्रकन नाक फुरफुरवलं.

"उजव्या अंगानं," मनीषा म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आई, तू सांगायचीस. उजव्या अंगानं, मुक्यानं."

"अगं, ते..."

"दादा!" मनीषा ओट्याकडे पळाली. "दादा, येऊ दे मंगळूला. आजच ने म्हणाव. आत्ता."

*

मंगळू पंचेचाळिशीचा, वाळकासा माणूस. वणीच्या बाजूला त्याच्याकडे तीन घोडे होते, वराती करायचा. चहा नको म्हणाला. आधी जनावर बघू दे म्हणाला, आणि तिथेच कुसाबाईला तो आवडला, म्हणजे पंचाईतच झाली. वाईट माणूस असता तर हाकलायला सोपं गेलं असतं.

दारातूनच त्याने आवाज दिला. "हो बत्ताशी, हो माय." थांबला. घोडीचा कान त्याच्याकडे फिरल्यावरच पुढे पाऊल टाकलं. डाव्या खांद्याकडे जायला जागाच नव्हती, घोडी भिंतीला चिकटलेली. त्याने दावं पाहिलं. एका झटक्यात सुटेल अशी ओढगाठ होती. त्याने मान डोलावली. दावं सोडलं, हाताला गुंडाळलं नाही, घडी करून मुठीत धरलं, आणि घोडीला भिंतीपासून वळवायला गेला.

घोडी हलली नाही. खेचलं तशी मान लांब केली, पण पाय जागचे हलेनात.

"जागा सोडत नाय," मंगळू म्हणाला. "कुणासाठी जागा धरून ठेवल्यासारखं करतीय." मग त्याची नजर खुंट्याकडे गेली. "खूर कोण करतं हिचे?"

त्याने वाकून एका चकतीला बोट लावलं.

"चार दिसतायत ना चकत्या. आजच्याच हायत. साफ हात हाय कोणाचा तरी."

"मी नाय," निवृत्ती म्हणाला. त्याने आईकडे पाहिलं.

"मी तर वाकत बी नाय आता," कुसाबाई म्हणाली.

"नानाच करतात," मनीषा म्हणाली. दारातून आत यायला ती तयार नव्हती. "उजव्या अंगानं येतात. आमच्याकडच्या घोड्यांना मेलेली दिसतात. आईला इचारा, तिच्या सासूपासनं चालत आलंय."

मंगळूचा हात दाव्यावरच होता, पण मुठीची पकड ढिली झालेली कुसाबाईने पाहिली. तिच्या मनात लख्खकन आलं: आता एक शब्द पुरे. हो म्हणायचं, डोळे मोठे करायचे, साखरीची एखादी गोष्ट जोडायची, की हा माणूस वणीचा रस्ता धरतो. घोडी वाचली.

पण लगेच दुसरंही दिसलं. मनीषा आज पाण्याचा घोट घेणार नाही या घरात. निवृत्ती रात्री बागेतच झोपेल. आणि या घरात घोडीला भिणारी माणसं उरली, तर मंगळू नाही तर दुसरा कोणी येईल, आणि तो कान टवकारायची वाट बघणारा नसेल.

बाहत्तर वर्षांत पहिल्यांदा कुसाबाईने खरं बोलायचं ठरवलं.

"ते खोटं हाय," ती म्हणाली. "माझ्या सासूनं नाय, मीच रचलं. निवृत्ती, तुला कानामागं लागलं ना, त्या दिवशी. तू परत मागनं जाऊ नये म्हणून. घोडं डाव्या अंगाची सवय असलेलं, मागनं कोणी आलं की बिचकतं. एवढंच. मेलेलं बिलेलं काय नाय त्यात. हे ह्यांना बी माहीत व्हतं."

मग निवृत्ती हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"आता म्हणतीस खोटं."

"देवाशपथ खोटं."

"आई, तू साखरीनं नवरदेव पळवला म्हणालीस तेव्हा बी देवाशपथ म्हणालीस."

"तवा गंमत केली!"

"घोडी द्यायची नाय म्हणून आता गंमत करतीयेस," मनीषा म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलं. पाय धरला होता तिचा कोणीतरी."

पन्नास वर्षं खोटं बोलली तर अख्ख्या तालुक्याने मान डोलावली. एकदा खरं बोलली तर पोटच्या पोरांनी ऐकलं नाही. आणि सगळ्यात वाईट हे, की तिलाही स्वतःचं पटत नव्हतं. पाय तिनेही पाहिला होता. पन्नासपर्यंत मोजला होता.

"खोटं हाय ना?" निवृत्ती म्हणाला. चेहरा लाल झाला होता. "मग बघूच. उजव्या अंगानं जातो. मुक्यानं."

"निवृत्ती!"

"अण्णा, आवाज द्या," मंगळू ओरडला. "मागनं नका येऊ, अण्णा!"

निवृत्तीने ऐकलं नाही. पन्नाशीचा माणूस, चार वर्षांच्या पोरासारखा ओठ घट्ट मिटून, घोडीच्या मागून वळसा घालत उजवीकडे गेला. आणि नेमका नको तिथे थांबला. मागे, तिरपा, हातभर अंतरावर. केरू सांगायचा, घोड्याजवळ एकतर अंगाला चिकटून राहा, म्हणजे लाथेला जोर घ्यायला जागा मिळत नाही, नुसता धक्का बसतो; नाहीतर दहा पावलं लांब राहा. मधे हातभरावर उभा राहणारा मरतो.

बत्ताशीचे कान मागे पडले, मानेला चिकटले. शेपटी दबली. सगळं वजन डाव्या पायावर गेलं. हे सगळं कुसाबाईला दिसलं, एकेक करून, सावकाश दिसलं. जन्मभर बोलत आलेली बाई, आणि नेमका आत्ता आवाज नाही.

लाथ सुटली.

त्याच क्षणी निवृत्ती पुढे गेला. स्वतःहून गेला नाही. दोन खांद्यांच्या मधे कुणी तळवा ठेवून ढकलावं तसा, पोट पुढे आणि डोकं मागे, तो घोडीच्या पुठ्ठ्यावर जाऊन आदळला, गाल तिच्या अंगाला चिकटला. लाथ हवेत गेली. मांडीला नुसता धक्का बसला. पत्र्यावर धाड्‌कन आवाज झाला आणि कवडशांतली धूळ भिरभिरली.

मग बत्ताशीचे कान पुढे आले. ती निवृत्तीकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून पलीकडे, त्याच्या पाठीमागे बघत होती. तिने उजवा मागचा पाय उचलला, वाकवला, आणि मागे दिला. तो निवृत्तीच्या हातात येऊन बसला.

त्याने तो धरला. दुसरं काय करणार. बागेत काम करून राठ झालेले दोन हात, त्यांत घोडीचा खूर, आणि चेहरा तिच्या अंगाला टेकलेला.

"आई," तो म्हणाला. आवाज पार बारीक झाला होता. "मला ढकललं कोणी?"

पागेत त्याच्या मागे कोणीच नव्हतं. मनीषा दारात. मंगळू घोडीच्या तोंडाशी. कुसाबाई खुंट्यापाशी, चार चकत्यांच्या शेजारी.

*

मंगळूने चहा घेतला. मग आणखी एक घेतला. कप धरताना बशी वाजत होती.

"मावशी, घोडी मी नेत नाय," तो म्हणाला. "भिलो म्हणून नाय बरं का. जनावर जागा धरून उभं हाय, त्याला ओढून नेलं तर ते खाणार नाय. आठ दिवसांत बसंल."

"भिला नाय, दिसतंच हाय," कुसाबाई म्हणाली. "बशी तेवढी खाली ठेव, फुटंल."

निवृत्ती ओट्यावर बसून मांडी चोळत होता. हसला नाही. "कुठं जात नाय घोडी," तो म्हणाला. "पण बघणार कोण, ते सांगा. मी सकाळी एक तास काढीन. खूर मला येत नाय करता."

"मी शिकवते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. उज्वला स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, हातात केरूची खूर कोरायची कोरणी.

"त्या चकत्या मीच ठेवते," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवसापासनं. सकाळी उजाडल्यावर, आत्या पूजेला बसतात तवा. नानांनीच शिकवलं मला. दोन वर्षं झाली. खरारा करायचा कसा, पाठीवरनं हात सरकवत मागं कसं जायचं, चंदी किती. तळव्यावर गूळ ठेवून बोटं सपाट कशी धरायची. सगळं. म्हणाले, मी गेल्यावर कोणीतरी पायजे."

"मग इका इका करत व्हतीस ते?" मनीषा उसळली.

"एकटीला झेपंना म्हणून. नानांची घोडी, आणि मला काय झालं, तिला काय झालं, तर? पुरुष माणूस कोणी मधे येणार नाय आणि सगळं माझ्याच गळ्यात. त्यापरीस जाऊ दे म्हटलं चांगल्या घरी."

"मला का नाय सांगितलंस?" कुसाबाईने विचारलं.

उज्वला पहिल्यांदाच हसली. "तुम्हांला? दुसऱ्या दिवशी दिंडोरीच्या बाजारात झालं असतं, केरूबाबाची सून घोडीच्या पाठीवर उभी राहून भाकऱ्या थापती."

मनीषा फिसकन हसली. मग निवृत्ती हसला, मग मंगळूसुद्धा. बशी वाजायची थांबली. एवढंच होतं तर. चकत्या सुनेच्या, सवय घोडीची, पाय ती सवयीने उचलते, आणि निवृत्ती घाबरून घसरला. ओट्यावरची हवा एकदम हलकी झाली. मनीषाने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला, निवृत्तीने उद्यापासून पागेत येतो म्हणून कबूल केलं, आणि मंगळू पूर्ण एक जिलेबी खाऊन, घोडीचे नाल महिन्याने बदला असं सांगून निघून गेला.

कुसाबाईही हसली. सगळ्यांत मोठ्याने. आणि सगळे पांगल्यावर उज्वलाच्या मागोमाग मोरीपाशी गेली.

"पोरी, एक सांग. तू जातीस ती उजव्या अंगानं?"

"छे! डाव्या. बत्ताशी, मी आले, असं म्हणत. तुमचीच गोष्ट ना, लहानपणी नाय, लग्न होऊन आल्यावर ऐकलेली. उजव्या अंगानं जायची छाती नाय माझी."

"पण ती डावं अंग भिंतीला चिकटवून उभी असती."

"मी आले की सरकती ती. एवढीशी जागा देती." उज्वला ताट विसळत होती. "आत्या, तसं बी तीनच पाय देती ती मला. मागचा उजवा देतच नाय. पहिल्या दिवशी लई प्रयत्न केला, कान पाडले तिनं. मग सोडून दिला. तेवढा एक राहतोय, उद्या ह्यांनाच करायला सांगते."

कुसाबाईने मोरीच्या कठड्याला हात टेकला.

"चकत्या किती ठेवतीस?"

"तीन पायांच्या तीन," उज्वला म्हणाली. "का हो?"

पन्नास वर्षांत अशी गोष्ट कुसाबाईच्या हाती लागली नव्हती. तालुका हलला असता. वर एक शब्द चढवायची गरज नव्हती.

"काय नाय," ती म्हणाली. "घास नीट, तेलकट राहिलंय ते ताट."

*

ऊन कलायला लागलं तेव्हा ती एकटीच पागेकडे गेली. बागेतल्या कात्र्या थांबल्या होत्या, मजूर चहाला गेले होते. दारात थांबली. रीतीप्रमाणे आवाज दिला. "बत्ताशी, मी हाय. कुसा."

घोडीचा एक कान तिच्याकडे फिरला. दुसरा उजवीकडेच राहिला.

कुसाबाई भिंतीच्या बाजूने, डाव्या खांद्याशी गेली. घोडी सरकली, सुनेला देते तशी एवढीशी जागा तिलाही दिली. कुसाबाईने तिच्या मानेवर तळवा ठेवला. आयाळीखाली ऊब होती. घोडीच्या पाठीवरून पलीकडे उजवी बाजू दिसत होती: रिकामी, कवडसे पडलेली, भुशाचे कण तरंगत असलेली. तरंगता तरंगता ते एका जागी आले की बाजूला होत होते, उभ्या माणसाला वळसा घालून जावं तसे.

केरू कमी बोलणारा माणूस. घोडीकडे जायचं तर घसा खाकरायचा, आणि सून स्वयंपाकघरात असली तर तिथेही आत पाऊल टाकायच्या आधी तसाच घसा खाकरायचा, तिला पदर नीट करायला वेळ मिळावा म्हणून. दोघींना एकच इशारा. त्यावरूनही कुसाबाईने त्याला पुष्कळ पिडलं होतं.

"अहो," ती म्हणाली.

उजव्या बाजूला काहीच हललं नाही.

"पोराला सांभाळलंत, बरं केलंत. घोडी कुठं जात नाय आता. सून बघती, पोरगं बघणार हाय. पण ते मुक्यानं यायचं सोडा." तिने घोडीची आयाळ हाताने सरळ केली. "मेलेली मुक्यानं येतात, हे मी रचलेलं. थाप हाय ती. तुम्हांला तर माहीत व्हतं. तुम्ही कशाला पाळताय? घरातली माणसं भितात. आवाज देऊन येत जा."

बत्ताशी हललीच नाही. पाय वाजेना, शेपटीही हलेना. बाहेर दूर कुठेतरी ट्रॅक्टर सुरू झाला आणि बंद पडला.

मग आपल्याच वेडेपणाला मान हलवून कुसाबाईने घोडीच्या मानेवर थोपटलं आणि जायला वळली.

आणि पलीकडून, घोडीच्या उजव्या अंगाने, कोणीतरी घसा खाकरला.